सहावी खाच

१

कपाट उघडलं आणि दिसलं की आतल्या गाडीची वाकलेली सळई सरळ झाली होती.

मी कपाट लावलं. परत उघडलं. सळई सरळच होती.

ही गाडी माझ्या बायकोची, रजनीची. गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी रेसची बग्गी. हातभर लांब, बॅटरीवरची, मातीत पळणारी. मुळशीला हैबतरावांच्या भाताच्या खाचरात कापणी झाली की हिचा ट्रॅक होतो. मातीचे उंचवटे, कडेला प्लास्टिकचे पाइप, रेस खेळणाऱ्यांना उभं राहायला लाकडी मचाण. आम्ही पिरंगुटला राहतो. धरण बघायला आलो होतो तेव्हा रजनीला हा ट्रॅक दिसला. बावन्न वर्षांची होती. घरी जाताना स्कूटरवर मागून म्हणाली, "अहो, मला तसली एक घ्यायचीय." मला वाटलं, थट्टा करते.

सहा वर्षं खेळली. मार्गशीर्षात गेली.

तिची शेवटची रेस नोव्हेंबरात झाली. तिसऱ्या फेरीत गाडी पाइपवर आदळली आणि पुढच्या उजव्या चाकाची सळई वाकली. त्या सळईवर चाकाची दिशा ठरते. गाडी उजवीकडे ओढायला लागली. मी मचाणावर तिच्या शेजारी होतो. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. अंगठ्याने रिमोटचं एक बटण दाबलं, टिक टिक टिक, तीनदा. त्याला ट्रिम म्हणतात. गाडीची ओढ तेवढी उलट बाजूला वळवता येते. गाडी सरळ झाली. चौथी आली ती. खाली उतरताना म्हणाली, "बघितलंत? वाकली तरी सरळ चालते."

गाडी तिने ट्रॅकशेजारच्या शेडमधल्या तिच्या पत्र्याच्या कपाटात ठेवली. "होळीपर्यंत राहू दे. होळीला मी येते." रिमोट चुकून पर्समध्ये घरी आला. तो अजून तिच्या उशाशी आहे.

ती गेल्यावर मी ठरवलं की गाडीला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. त्या गाडीवर शेवटचा हात तिचा आहे, तो तसाच राहू दे. दर महिन्याच्या एका रविवारी मी यायचो, कपाट उघडायचो, बघायचो, बंद करायचो.

होळीनंतरच्या रविवारी आलो तर हे.

मी पहिल्यांदाच गाडीला बोट लावलं आणि वरून दाबली. पूर्वी ती दाबली की पटकन उसळायची. आता हळूहळू वर आली, दमलेल्या माणसासारखी. म्हणजे नुसती सळई नाही, कुणीतरी गाडीच्या आतपर्यंत गेलं होतं.

२

मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. एकतीस वर्षं. माल चुकला की कुठे चुकला, कुणाच्या हातून चुकला हे शोधणं एवढंच मला येतं. स्टुलावर बसलो आणि बघायला लागलो.

आधी शॉकअप. चार शॉकअपमध्ये तेल असतं. तेल पातळ असलं की गाडी पटकन उसळते, घट्ट असलं की हळू. कपाटात तेलाच्या दोन बाटल्या होत्या. एकीच्या गळ्याला हिरवा दोरा, दुसरीच्या गळ्याला लाल. हिरवं पातळ, लाल घट्ट. दोरे रजनीने दिवाळीत बांधले होते. औषधांनी तिचे डोळे अधू झाले होते, बाटलीवरचे बारीक आकडे दिसत नसतील, असं मी धरून चाललो होतो. लाल दोऱ्याची बाटली तेव्हा सीलबंद होती. आता सील तुटलं होतं आणि तेल बोटभर कमी होतं.

यावरून एक गोष्ट कळली. रजनीचा एक नियम होता. उन्हाळ्यात तेल आपोआप पातळ होतं, म्हणून थंडी संपली की घट्ट तेल घालायचं. बाकीचे मोबाइलवर तापमान बघायचे. ती म्हणायची, "होळी जळाली, थंडी पळाली, तेल बदला." हात लावणाऱ्याला हा नियम ठाऊक होता.

मग तिची वही बघितली. कुठलं तेल, कुठली स्प्रिंग, चाकांचा कल किती, गाडी जमिनीपासून किती उंच, सगळं त्या वहीत आहे. ती कुणाला दाखवायची नाही. वहीवर चार महिन्यांची धूळ जशीच्या तशी होती.

शेवटी सळई. रजनीच्या सुट्या भागांच्या डबीतली नवी सळई बसवली होती. जुनी कुठेच नव्हती. अशा सहा सळया गाडीला असतात. प्रत्येकीच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. त्यामुळे मधे धरून फिरवली की ती लांब किंवा आखूड होते. उलट्या आट्यांचं टोक ओळखावं म्हणून तिथे बारीक खाच असते. रजनी सहाही खाचा गाडीच्या डाव्या अंगाला ठेवायची. मग कुठलीही सळई एकाच दिशेला पाना फिरवून लांब होते, डोकं लावावं लागत नाही. हे तिने नव्या खेळणाऱ्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

मी चष्मा पुसून मोजलं. पाच खाचा डावीकडे होत्या आणि सहावी, नव्या सळईची, उजवीकडे.

नवशिक्याचं काम म्हणावं तर सळईची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत बरोबर. मी व्हर्नियर लावून बघितली. आणि जाणकाराचं म्हणावं तर खाच उलटी.

३

कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हैबतरावांच्या घरी खुंटीला. शेडपासून घर पन्नास पावलं. हैबतराव ओसरीवर बसले होते. त्यांच्या मंडळी सारजाबाई बाजूला गोधडी शिवत होत्या.

"साहेब, म्या कशाला हात लावू?" हैबतराव म्हणाले. "भात काढला की तुमी, तुमी गेला की भात. त्या खेळण्यातलं मला काय कळतंय?"

"किल्ली कुणी नेली होती?"

"खुंटीला असती. रविवारी पन्नास पोरं येत्यात, कोन बी घेतंय. मला न्हाई दिसलं."

"तुमास्नी म्हस दिसंना दारातली," सारजाबाई म्हणाल्या.

"हिला काय इचारू नका. सुई सोडून दुसरं हत्यार ठावं न्हाई हिला."

"तुमास्नी तर सुई बी ठावं न्हाई." त्यांनी गोधडी खाली ठेवली. "च्या घ्या भाऊ. वाळलाय लई."

चहा घेतला.

शैलेश ट्रॅकवर पाणी मारत होता. रेस तोच भरवतो. रजनीच्या नावाने रेस ठेवायची आणि तिची गाडी हार घालून मधे मांडायची, असं त्याने मला जानेवारीत विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं.

"काका, सिरियसली, मी नाही," तो म्हणाला. पाइप हातातच होता, बूट भिजत होते. "बरं, खरं सांगतो. होळीच्या आधी मी किल्ली मागायला गेलो होतो. फक्त फोटोला. पोस्टरवर टाकायला."

"मग?"

"सारजा आजींनी दिली नाही. म्हणाल्या, बाईंच्या कपाटाला हात लावशील तर हात मोडंल मुडद्या. मुडदा म्हणाल्या मला! आणि काका, मी तेल बदलतो कधी? काकू मला काय म्हणायच्या आठवतं ना?"

आठवलं. रजनी म्हणायची, शैलेशच्या शॉकअपमध्ये तेल नाही, लोणचं आहे. मुरतंय नुसतं.

मला हसू येत होतं, ते मधेच थांबलं. शैलेश नाही तर राहिला एकच. ज्याला रजनीने सगळ्यात जास्त शिकवलं होतं, ज्याने दोनदा तिची वही मागितली होती, आणि जो डावरा होता.

४

निषाद इथे जवळ चांदे गावात भाड्याने राहतो, हिंजवडीला नोकरी करतो. मूळचा परभणीचा. घरची आठवण आली की आमच्याकडे जेवायला यायचा. रजनी त्याला वही द्यायची नाही. "आधी हात बसू दे, मग आकडे," म्हणायची.

तो शेडमध्ये आपली गाडी पुसत होता. मी विचारलं नाही. सरळ म्हटलं, "वही हवी होती तर मागायची होतीस पुन्हा. गाडी कशाला उघडलीस?"

त्याला काही कळलं नाही, किंवा तसं दाखवलं. मी त्याला कपाटापाशी नेलं, सळई दाखवली, खाच दाखवली. "सगळं उजव्या हाताच्या माणसाचं, ही एकच डावऱ्याची."

त्याने वाकून खाच बघितली. मग जाऊन स्वतःची गाडी घेऊन आला आणि माझ्यासमोर उलटी धरली.

"मोजा काका."

सहाही खाचा डावीकडे होत्या.

"काकूंनी मला शेजारी बसवून शिकवलंय. मी डाव्या हाताने पाना फिरवतो, पण गाडीची डावी बाजू कुणासाठी बदलत नाही." "आणि वहीसाठी आलो असतो, तर वहीवर धूळ राहिली असती का? तुम्ही एवढे तपासणीवाले. धूळ नाही दिसली?"

दिसली होती. पहिल्याच तपासणीत दिसली होती. रागाच्या भरात मी ती बाजूला सारली होती. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला खात्यातून काढलं असतं.

"चुकलो बाबा," मी म्हटलं.

"काकूंच्या बॅटऱ्या माझ्याकडे आहेत, तुम्हीच दिल्यात," तो म्हणाला. "पडून खराब होऊ नयेत म्हणून दर महिन्याला बघतो. तेवढाच माझा हात." आणि निघून गेला.

रजनीने जोडलेली जी काही माणसं होती, त्यातलं एक मी त्या दिवशी तोडलं असं मला वाटलं. आणि गाडी कुणी उघडली, हे अजून कळलंच नव्हतं.

५

दुपारी सगळे जेवायला जवळच्या एका रिसॉर्टवर गेले. मी रजनीच्या स्टुलावर बसून राहिलो. समोर तिचं टेबल. तिचा रिवाज असा की गाडीचं नाक समोर ट्रॅककडे आणि शेपूट आपल्याकडे. मी गाडी तशी ठेवली. गाडीचा डावा माझा डावा. यात चुकायला जागाच नव्हती.

निषादचा एक शब्द डोक्यातून जात नव्हता. शेजारी. काकूंनी शेजारी बसवून शिकवलं.

कारखान्यात आमचा एक नियम होता. नवीन माणसाला मशीन शिकवताना त्याला शेजारी उभं करायचं, समोर कधी नाही. समोरून बघून शिकलेला माणूस माप बरोबर आणतो, हात बरोबर चालवतो, आणि एखादा भाग हमखास उलटा बसवतो. शिकवणाऱ्याचा डावा त्याला उजवीकडे दिसलेला असतो.

रजनीचे सगळे चेले टेबलाच्या याच बाजूला बसायचे, कारण ट्रॅक समोर दिसतो. मी मान वर केली. टेबलाच्या पलीकडे शेडचा दगडी कठडा आहे. त्याच्यावर कुणी बसत नाही, ट्रॅककडे पाठ होते.

एक माणूस बसायचा. ज्याला ट्रॅक बघायचाच नसायचा.

कठड्याच्या दगडाच्या फटीत दोऱ्याचे तुकडे अडकले होते. लाल, हिरवे. मी एक तुकडा उचलला आणि बाटलीच्या गळ्याला लावून बघितला. जाड, पीळ दिलेला, गोधडीचा दोरा. तोच.

दोरे रजनीच्या अधू डोळ्यांसाठी नव्हतेच. ज्याला आकडे वाचताच येत नाहीत त्याच्यासाठी होते. म्हणून वहीवर धूळ होती.

मागे बांगड्या वाजल्या. "भाऊ," सारजाबाई म्हणाल्या, "जेवला न्हाई तुमी."

६

मी बाटली टेबलावर ठेवली, लाल दोरा त्यांच्याकडे करून.

त्या कठड्यावर बसल्या. त्यांच्या रोजच्या जागी.

"व्हय," म्हणाल्या. "म्याच केलं. होळीच्या दुसऱ्या दिशी. हितं कोन न्हवतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच. दिवाळीत. म्हनली, मावशी, होळी झाली की लाल दोऱ्याचं त्याल घाला. न्हाईतर शाकअपचं रबर वाळतंय, गाडी पडून पडून मरती. माज्यासमोर चार येळा काढून-घालून दावलं. मग माज्याकडनं करून घेतलं. सळईचं बी, कदी वाकलीच तर म्हनून. लांबी मोजायला काडी दिली कापून." त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. आत बांबूची एक काडी होती, सळईच्या बरोबर लांबीची. आणि वाकलेली सळई. "ही टाकवंना मला."

मी सळई हातात घेतली.

"खाच उजवीकडे का बसवलीत?"

"तशीच असती की. तिची खाच माज्या उजव्या हाताला यायची. आता तिच्या स्टुलावर बसून बी म्या तशीच लावली." त्यांनी अंगठ्याचं नख सळईवरून फिरवून दाखवलं. "डोळ्याला दिसत न्हाई, नखाला लागती. चुकली व्हय?"

"नाही."

"चुकली आसंल तर सांगा. तिला चुकल्यालं आवडत न्हवतं."

होळीला मी येते, असं रजनी मला म्हणाली होती. दिवाळीत तिचा रिपोर्ट आला तेव्हा म्हणाली, "चांगला आलाय." मी देवापुढे साखर ठेवली होती.

"सारजाबाई, मग दिवाळीत तिला माहीत होतं?"

त्या म्हणाल्या, "व्हय."

"तुम्हाला सांगितलं. मला नाही."

"म्या म्हनलं तिला, घरधन्याला सांग. तर म्हनली, त्यांना कळलं तर मला घरात बसिवतील. आन् सोता समोर बसतील, माज्या तोंडाकडं बघत. मला एक रेस खेळायची हाय मावशी. तेवढी झाली की सांगते." सारजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "रेस झाली. मग सांगायला सवड झाली न्हाई तिला."

रेसनंतर सोळाव्या दिवशी ती दवाखान्यात शुद्धीवर नव्हती.

एकतीस वर्षं मी रिपोर्ट वाचले. लोखंडाचे, पितळेचे, परक्या देशातून आलेले. सही करण्याआधी प्रत्येक आकडा बघायचो. तिचा रिपोर्ट कपाटात साड्यांखाली होता. मी तो मागितला नाही. तिने चांगला म्हटलं, मी चांगला मानला.

"अजून काही म्हणाली होती?"

"म्हनली, ह्यांच्या हातनं हे व्हनार न्हाई. हे कुलूप लावून बसतील."

खरं होतं. मी शेवटचा हात तिचा म्हणून जे जपत होतो, ते चार महिने नुसतं वाळत होतं.

७

पुढच्या रविवारी मी रिमोट घेऊन आलो. तो कुणीच हातात घेतला नव्हता. निषादला फोन करून माफी मागितली होती. तो नुसतं "हं" म्हणाला होता. पण आला, बॅटरी चार्ज करून आला, आणि न बोलता गाडीत बसवून दिली. सहावी खाच त्याने पाहिली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असू दे ती तशीच."

मचाणावर मी पूर्वी नुसता शेजारी उभा राहायचो. रिमोट कधी घेतला नव्हता. सारजाबाई कठड्यावर होत्या. आज ट्रॅककडे तोंड करून.

गाडी सोडली. घट्ट तेलाने ती उंचवट्यावरून शांतपणे उतरली, आदळली नाही. उन्हात अगदी बरोबर होतं ते. पण सरळ रस्त्यावर ती डावीकडे जायला लागली. मी वळवून आणली, परत डावीकडे.

"काका, ओढतेय," निषाद शेजारून म्हणाला. "सळई तर बरोबर आहे, मग..." त्याने रिमोटकडे वाकून पाहिलं. "ट्रिम दिलेली आहे. डावीकडे तीन. आता ती नको. उजवीकडे तीनदा दाबा, सरळ होईल."

टिक टिक टिक.

सळई वाकली तेव्हा रजनीने दाबलेले ते तीन. सळई बदलली, तेल बदललं, कपाटातलं सगळं दुसऱ्याच्या हाताखालून गेलं. हे मात्र रिमोटमध्ये होतं, तिच्या उशाशी, चार महिने.

बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं.

"काका, दाबा ना."

"नको."

गाडी डावीकडे जात राहिली. मी एक फेरी घेतली, मग दुसरी. तसं अवघड नाही. रिमोटवरचं वळवायचं चाक सारखं थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतं. तेवढं धरून ठेवता येतं.